पेरणीआधी वाण पाहतो, प्रवेशाआधी अट का पाहत नाही?



सरकीची थैली घ्यायची असली तर आपण चार दुकाने हिंडतो. वाण किती दिवसांत निघतो, हलक्या जमिनीत टिकतो की भारी जमीन मागतो, गेल्या साली गावात कोणी लावला होता आणि त्याला काय उतारा पडला, हे सगळे विचारल्याशिवाय खिशात हात घालत नाही. बैल घेताना दात मोजतो, खूर पाहतो, औताला जुंपून बघतो. पोरीला स्थळ पाहताना सात गावांतून चौकशी करतो. मात्र पोराला किंवा पोरीला बारावीनंतर कुठल्या विद्यापीठात घालायचे, हा प्रश्न आला की हा सगळा शहाणपणा आपण घरी ठेवून जातो. निकाल लागलेला असतो, पेरणी तोंडावर आलेली असते, आणि तालुक्याच्या नेट कॅफेवाला सांगेल तो फॉर्म आपण भरून येतो. त्या अभ्यासक्रमाला कोणते विषय लागतात, कोणती परीक्षा लागते, किती टक्के लागतात, कोणते दाखले लागतात, हे फॉर्म भरताना कळते. शेत पेरून झाल्यावर थैलीवरचे नाव वाचण्यातला हा प्रकार आहे.

आपण विचारतो एकच गोष्ट, फी किती. फी विचारलीच पाहिजे, पण तो किमतीचा एक भाग झाला. प्रवेशाची अट ही खरी किंमत आहे आणि ती दोन वर्षे आधीपासून मोजावी लागते. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर कापसाचा ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत येते. कापूस काही वाईट नसतो. दोन दिवस उन्हात घातला असता तर तोच कापूस घेतला गेला असता. भाड्याचे पैसे गेले आणि दिवस गेला, कारण घरून निघताना अट माहीत नव्हती. गाडी तरी पुन्हा नेता येते. पोराची दोन वर्षे पुन्हा आणता येत नाहीत.

दार अकरावीतच बंद होते

बारावीनंतर दारे उघडतात असे आपण समजतो. खरे म्हणजे निम्मी दारे अकरावीचा फॉर्म भरताना बंद झालेली असतात. गणित अवघड म्हणून सोडले की इंजिनिअरिंगचे दार गेले, कारण पदवीच्या इंजिनिअरिंगला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागते. जीवशास्त्र सोडले की डॉक्टरकी गेली, आणि गुरांची डॉक्टरकीही गेली. त्या दोन्हींना भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हवे, आणि पात्रतेत इंग्रजीचाही हिशेब होतो. दोन्हींचा रस्ता नीट परीक्षेतून जातो. नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठात जायचे तर गुरांची आवड आहे एवढे पुरत नाही.

आपल्या पोरांचा ओढा शेतकी पदवीकडे मोठा असतो, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरीचे १९६८ चे, अकोल्याचे १९६९ चे, परभणी आणि दापोलीचे १९७२ चे. शेतकीच्या पदवीला गणिताचा गट घेऊन बारावी विज्ञान झालेला चालतो, जीवशास्त्राचा गट घेतलेलाही चालतो. सीईटी मात्र द्यावीच लागते. पण त्याच विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीला जायचे तर गणित पाहिजे. एकाच आवारात शेजारी शेजारी इमारती, आणि अटी वेगळ्या. ‘शेतकी कॉलेजला टाकू’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या पदवीला टाकू, हे अकरावीच्या आधी ठरवावे लागते.

कला शाखेचेही तेच. अर्थशास्त्राची पदवी आपल्या जिल्ह्याच्या कॉलेजात गणिताशिवाय मिळते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीला गणित लागते. पदवीचे नाव एक, बाजार दोन. कुठल्या बाजारात जायचे ते आधी ठरवा, म्हणजे कोणता माल पिकवायचा ते कळेल.

यावर कोणी म्हणेल, मग गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्यावे. घ्यावे, पोराला झेपत असेल तर. दोन बैलांचे ओझे एकावर लादले तर तो मध्येच बसतो, हेही आपल्याला माहीत आहे. ज्याचे गणित चांगले पण बारावीचे सोंग नको, त्याला दहावीनंतर तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा रस्ता आहे. तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. वाटा आहेत. त्या शेजारी शेजारी मांडून पाहायच्या आहेत, एवढेच.

बारावी कुठून केली, तेही विचारतात

पोरगा हुशार निघाला की त्याला कोट्याला किंवा हैदराबादला पाठवायचे, ही आता आपल्याकडची रीत झाली आहे. त्यासाठी एखादे एकर गहाण पडते. शिकवणी कुठे लावावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण एक अट कानात ठेवा. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात, आणि त्यासाठी अधिवासाच्या दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच झालेली असावी लागते. सरकारी नोकरांच्या मुलांना वगैरे काही सवलती आहेत, शेतकऱ्याच्या पोराला नाहीत. तिकडच्या शाळेत नाव घालून तिथून बारावी दिली, की पोरगा यवतमाळात जन्मलेला असो की बीडमध्ये, त्याला देशभरातल्या मुलांबरोबर उरलेल्या १५ टक्क्यांत झगडावे लागते. जमीन गहाण टाकून आपणच आपले कुंपण पाडले, असा हा प्रकार होतो.

परीक्षेची भाषाही बघा. मराठी शाळेत शिकलेल्या पोरांना भीती असते की सगळे इंग्रजीतच असेल. तसे नाही. नीट २०१७ पासून मराठीत देता येते, जेईई मेन २०२१ पासून. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ साली सीयूईटी सुरू झाली, तिलाही मराठी आहे. राज्याच्या सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राला मराठी मिळते, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच येतो. नीटमध्ये चुकलेल्या उत्तराला एक गुण कापतात, राज्याच्या सीईटीत कापत नाहीत. सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासावर असतात, म्हणून अकरावी हे विसाव्याचे वर्ष मानणाऱ्याची तिथेच कट्टी होते. आयआयटी आणि एनआयटीत जेईईचे गुण चांगले असून भागत नाही. बारावीला ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ६५ टक्के, किंवा मंडळाच्या यादीत वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव लागते. यातली एकही गोष्ट गुपित नाही. सगळी माहितीपुस्तिकेत छापलेली असते. फक्त ती पुस्तिका आपण वाचत नाही, आणि ज्याने वाचलेली असते तो आपल्याला ती विकतो.

मुलगी कोणत्या दाराने गेली, त्यावर फी ठरते

महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय केला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. चांगली गोष्ट झाली. पण तिला एक अट आहे. प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही. खाजगी अभिमत विद्यापीठांनाही ती लागू नाही.

आता काय होते बघा. पहिल्या फेरीत मुलीचे नाव लागत नाही. कॉलेजचा माणूस फोन करतो, जागा संपत आल्या, आजच या. बाप घाबरून सोयाबीनचे किंवा कापसाचे पैसे नेऊन भरतो. फेरीची वाट पाहिली असती, पसंतीक्रमात चार कॉलेजे जास्त टाकली असती, तर कदाचित तीच पदवी शिकवणी फी न भरता मिळाली असती. व्यापारी ‘उद्या भाव पडणार’ म्हणतो तेव्हा आपण आता तरी घाबरत नाही, दुसऱ्या आडतीवर विचारतो. इथेही तेच करायचे. जो आजच्या आज पैसे मागतो त्याच्याकडून अट आधी लेखी मागावी. हे कॉलेज कोणत्या विद्यापीठाला जोडलेले आहे, मान्यता कुणाची आहे, पुढच्या शिक्षणाला ही पदवी चालेल का, हेही त्याच कागदावर घ्यावे.

काढून घेताना कोरडवाहू कळते, देताना कळत नाही

दाखल्यांची गोष्ट तर आपल्या जमिनीशीच येऊन भिडते.

ओबीसी घरांना नॉन-क्रीमी लेयरचा दाखला लागतो. त्याची मूळ अट केंद्र सरकारच्या ८ सप्टेंबर १९९३ च्या आदेशात आहे. उत्पन्नाची मर्यादा आज आठ लाख आहे, पण ती मोजताना शेतीचे उत्पन्न आणि पगार धरायचा नाही, असे तो आदेश म्हणतो. जमिनीची वेगळी कसोटी आहे, ती बागायतीसाठी. ज्याची सगळी जमीन कोरडवाहू आहे त्याला जमिनीच्या कारणावरून क्रीमी लेयरमध्ये टाकता येत नाही. हे माहीत नसल्याने कितीतरी घरे ‘आपल्याला मिळणार नाही’ म्हणून सेतूची पायरीही चढत नाहीत. जिथे साधा उत्पन्नाचा दाखला मागतात तिथे मात्र शेतीचे उत्पन्न धरतात. दोन्ही दाखले एक समजू नका.

आता दुसरी अट पाहा. खुल्या गटातल्या गरिबांसाठी २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने १० टक्के जागा आल्या. केंद्राच्या संस्थांत त्या मिळवायच्या तर आठ लाखांच्या उत्पन्नात शेतीचे उत्पन्न धरले जाते. शिवाय घराकडे पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, तो गरीब नाही. पाच एकर कुठले, हा प्रश्नच नाही. उसाचे पाच एकर आणि आपल्या मुरमाड रानातले, एका पावसाच्या भरवशावर ज्वारी आणि पऱ्हाटी घेणारे पाच एकर, एकाच मापाने मोजले जातात. २०२१ साली केंद्राने याच निकषांचा विचार करायला समिती नेमली. तिने घराच्या क्षेत्रफळाची अट काढावी असे म्हटले, पाच एकरांची ठेवावी असे सांगितले.

कोरडवाहू आणि बागायत यांतला फरक सरकारला कळत नाही असे समजू नका. महाराष्ट्राचा जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा १९६१ चा. त्याच्या १९७५ पासूनच्या मर्यादा अशा: बारमाही पाण्याची जमीन १८ एकर, कोरडवाहू ५४ एकर. म्हणजे एक एकर बागायत बरोबर तीन एकर कोरडवाहू, हे सरकारनेच लिहून ठेवलेले आहे. जमीन काढून घेताना हा हिशेब बरोबर मांडला. पोराला जागा देताना मात्र पाच एकर म्हणजे पाच एकर. आमचे मागणे दयेचे नाही. सरकारने आपलेच माप दोन्हीकडे एकसारखे वापरावे, एवढेच आहे.

राज्याच्या जागांसाठी या गटाचे निकष आणि दाखल्याचा नमुना वेगळा आहे. एकाचा दाखला दुसऱ्याकडे चालत नाही. हा दाखला त्या त्या आर्थिक वर्षापुरता असतो. मराठा समाजासाठी राज्याने २०२४ मध्ये १० टक्क्यांचा कायदा केला आणि त्याला न्यायालयात आव्हानही दिले गेले. तो राज्याच्या जागांपुरता आहे. केंद्राच्या संस्थेत जाताना त्या मुलाला आर्थिक दुर्बल गटाच्याच दारात उभे राहावे लागते, आणि तिथे पाच एकर आडवे येतात.

जातवैधतेचा कागद बारावीच्या निकालानंतर मागायला जाऊ नका. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आणि जमातींना ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचे पुरावे लागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला, जुनी महसुली नोंद, हे शोधायला महिने जातात. अकरावीच्या उन्हाळ्यात, रान रिकामे असते तेव्हा, हे काम उरकावे.

खेळ सुरू असताना नियम बदलायचे नाहीत

इथवर आपल्या हातातले सांगितले. आता जे आपल्या हातात नाही त्याचे.

मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात एका रात्रीत बंद केली, ते आपण विसरलो नाही. माल घरात, आणि नियम बदलला. पोरांच्या बाबतीतही हेच होते. २०१६ साली राज्याच्या पोरांनी मंडळाच्या अभ्यासक्रमावर सीईटीची तयारी केली. एप्रिलअखेर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, वैद्यकीयला नीटच. ५ मे रोजी पोरांनी सीईटी दिली. ९ मे रोजी न्यायालयाने राज्यांच्या परीक्षा मानायला नकार दिला. २४ मे रोजी केंद्राने अध्यादेश काढून त्या वर्षापुरती सूट दिली. एका महिन्यात तीनदा जीव टांगणीला. सप्टेंबर २०२० मध्ये, नीटची परीक्षा तोंडावर असताना, राज्याने वैद्यकीयचा विभागवार ७०-३० चा कोटा रद्द केला. तो बरा होता की वाईट, यावर विदर्भ आणि मराठवाडा वेगळे बोलतील. पण ज्या पोराने दोन वर्षे एक हिशेब धरून अभ्यास केला, त्याचा हिशेब शेवटच्या आठवड्यात बदलणे हा न्याय नव्हे.

काही जण म्हणतात, खेड्यातल्या पोरांसाठी अटी सोप्या करा. मला हे पटत नाही. अट सोपी केली की पदवीही हलकी होते, आणि हलकी पदवी शेवटी आपल्याच पोरांच्या गळ्यात पडते. अट कडक असू दे. पण ती उघड असू दे, आपल्या भाषेत असू दे आणि दोन वर्षे स्थिर असू दे. जिल्हा बैठकीत ठराव करायचा तर हे तीन मुद्दे घ्यावेत. एक, राज्यातल्या सर्व विद्यापीठांच्या आणि सामायिक परीक्षांच्या अटी एकाच पुस्तिकेत, मराठीत, दहावीच्या निकालाबरोबर प्रत्येक हायस्कुलात पोचाव्यात. दोन, अकरावीत बसलेल्या पोराला लागू असलेली अट त्याची बारावी होईपर्यंत बदलू नये. बदल करायचा तर पुढच्या तुकडीपासून. तीन, केंद्राच्या निकषातले पाच एकर हे बागायतीचे धरावेत आणि कोरडवाहूला कमाल धारणा कायद्यातलेच तीनास एकचे माप लावावे.

ठराव पोचेपर्यंत पोरे थांबणार नाहीत. म्हणून आजच एक काम करा. वहीचा एक कागद घ्या. डावीकडे एकाखाली एक पाच ठिकाणे लिहा: एक दूरचे, एक जिल्ह्याचे, एक फीचे, एक बिनफीचे, आणि एक पोराच्या मनातले. पुढे रकाने पाडा: विषय, परीक्षा आणि तिची भाषा, किमान टक्के, दाखले आणि त्यांची तारीख, एकूण खर्च. रकाने पोरानेच भरावेत, पुस्तिका वाचून. ऐकीव काही लिहू नये. जो रकाना रिकामा राहील तो गावातल्या मास्तरांना विचारावा, नाही तर त्या विद्यापीठाला पत्र लिहून विचारावा. गावात दहा पोरे असतील तर दहा कागद होतील, आणि पुढच्या साली अकराव्या पोराला निम्मे काम तयार मिळेल.

हा कागद दहावीच्या उन्हाळ्यात करायचा आहे. बारावीचा निकाल लागल्यावर तो करणे म्हणजे पऱ्हाटी डोक्याएवढी झाल्यावर अंतर मोजणे.